राजाने काय उतरवलं?

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात गाभाऱ्याभोवती एक अरुंद, अंधारा प्रदक्षिणामार्ग आहे. तिथल्या भिंतींवर नायक राजांच्या काळातली चित्रं होती, आणि ती जागोजाग पोपडे धरून सुटत चालली होती. १९३१ साली अण्णामलै विद्यापीठाचे एस. के. गोविंदस्वामी यांना त्या पोपड्यांखाली रंगाचा आणखी एक थर दिसला. तो थर चोळांचा होता, मंदिर बांधलं गेलं त्या काळातला, म्हणजे इसवी सन १०१०च्या आगेमागेचा. पुढे पुरातत्त्व खात्याने वरची नायककालीन चित्रं अलगद सोडवून वेगळी केली आणि खालच्या भिंती मोकळ्या झाल्या. त्या मार्गात आज सर्वसामान्य भाविकाला सोडत नाहीत. पण आवारातल्या दालनात चित्रांच्या प्रतिकृती लावलेल्या आहेत, त्या कुणालाही पाहता येतात.

त्यांतल्या एका चित्रात दोन पुरुष मागेपुढे उभे आहेत. पुढचा दाढीवाला, वयस्कर. मागचा त्याच्याहून तरुण. पुढचा म्हणजे गुरू करुवूर देवर आणि मागचा म्हणजे खुद्द राजराज चोळ, असं बहुतेक अभ्यासक मानतात. श्रीलंकेपर्यंत सैन्य नेणारा आणि एवढं मंदिर उभारणारा हा सम्राट त्याच्याच मंदिराच्या भिंतीवर मुकुटाशिवाय उभा आहे. केस वर ओढून बांधलेले, गुरूचे तसेच त्याचे. ओळखपाळख नसलेल्या माणसाला यातला राजा कोण, हे सांगता यायचं नाही.

ऐतिहासिक सिनेमाच्या कपडेपटात काम करणाऱ्याच्या दृष्टीने हे चित्र गैरसोयीचं आहे. निर्मात्याला राजा लांबून ओळखू यायला हवा असतो. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही, संवाद सुरू होण्याआधी, कळलं पाहिजे की हा राजा, हा सरदार, हा फितूर. म्हणून मुकुट, म्हणून शेला, म्हणून गळ्यात चार पदरी कंठा. पण यातून कळतो तो हुद्दा. माणूस कळत नाही. माणूस कळतो तो हुद्द्याने दिलेल्या वस्त्रांतलं त्याने काय ठेवलं आणि काय उतरवलं, यावरून. गुरूपुढे मुकुट काढून ठेवणारा राजराज हा त्या भिंतीवर एका माणसाचा स्वभाव होऊन उरला आहे.

आपल्याकडे ऐतिहासिक चित्रपट आला की पहिली चर्चा पगडीवरून होते. पगडीचा पीळ बरोबर आहे का, नऊवारीचा काष्टा त्या काळचा आहे का, अंगरख्याचे बंद डाव्या बाजूला की उजव्या. हे प्रश्न रास्तच आहेत. पण ते सुटल्यावरही एक प्रश्न राहतो, आणि तो फार थोडे जण विचारतात: या माणसाने आज, या प्रसंगी, हेच का घातलं? तंजावर हे गाव त्या प्रश्नाची परीक्षा घ्यायला फार सोयीचं आहे. इथे एकाच गावात दोन राजघराण्यांचे कपडेपट मांडून ठेवलेले आहेत. एक चोळांचा, तो दगडात, कांस्यात आणि भित्तिचित्रांत आहे. दुसरा भोसल्यांचा, तो संगमरवरात, तसबिरींत आणि मोडी कागदांत आहे. पहिल्यावर तमिळ सिनेमाने दोनदा मोठा खर्च केला. दुसऱ्याला अजून कॅमेऱ्याने हात लावलेला नाही म्हटलं तरी चालेल.

मोत्यांची जातवार यादी

चोळांच्या कपडेपटाची पहिली अडचण अशी, की त्यात कपडे फार थोडे आहेत. भित्तिचित्रांतल्या नर्तकी, राण्या, दासी यांच्या कमरेवर वस्त्र आहे. कमरेच्या वर बहुतेकदा दागिनेच. कांस्यमूर्तींतही तेच. फार तर छातीवर एक कुचबंध. हवामान दमट, कापड सुती आणि तलम, शिवणकामाची गरज कमी. अंगभर शिवलेले कपडे नसलेल्या दरबारात माणसामाणसांतला फरक दाखवायचा कसा?

उत्तर याच मंदिराच्या जोत्यावर कोरलेलं आहे. राजराजाने हुकूम दिला, की आम्ही दिलेलं, आमच्या थोरल्या बहिणीने दिलेलं, आमच्या राण्यांनी दिलेलं आणि इतरांनी दिलेलं दान दगडावर कोरा. बहिणीचा उल्लेख राण्यांच्या आधी आहे, हे लक्षात घ्यावं. ही बहीण म्हणजे कुंदवै. मग सुरू होते ती यादी कुठल्याही जवाहिऱ्याला लाजवील अशी आहे. सोनं एका नावाच्या वजनाने जोखलेलं, रत्नं दुसऱ्या नावाच्या वजनाने. मोत्यांची नुसती संख्या देऊन भागत नाही; गोल किती, गोलसर किती, बारीक किती, ओबडधोबड किती, असा जातवार हिशेब. आणखी एका लेखात मंदिरासाठी नेमलेल्या ४०० नर्तकींची नावं घरांसकट आहेत, आणि त्यांच्यामागोमाग वादक, छत्री धरणारे, दिवे लावणारे, कुंभार, परीट, न्हावी, सोनार यांच्याबरोबर शिंपीही आहेत. हजार वर्षांपूर्वीच्या एका कपडेपटाचं मनुष्यबळच दगडावर नोंदलेलं आहे.

म्हणजे चोळ दरबारात चारित्र्य सांगायचं काम दागिन्यांकडे होतं. मणिरत्नम यांनी ‘पोन्नियिन सेल्वन’ हाती घेतला, तेव्हा वेशभूषाकार एका लखानी यांच्यापुढे हीच सामग्री होती. कल्की कृष्णमूर्तींची ही कादंबरी १९५० ते १९५४ या काळात ‘कल्की’ साप्ताहिकात क्रमशः आली होती. सिनेमाचा पहिला भाग सप्टेंबर २०२२मध्ये आणि दुसरा एप्रिल २०२३मध्ये पडद्यावर आला. दागिने हैदराबादच्या किशनदास पेढीने घडवले. रंगभूषा आपल्या विक्रम गायकवाडांची. ‘बालगंधर्व’साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला हा रंगभूषाकार २०२५ साली गेला. तंजावरच्या या कथेचं चित्रीकरण मात्र हैदराबाद, मध्य प्रदेश आणि थायलंड असं फिरत झालं.

या सिनेमात कुंदवै आणि नंदिनी समोरासमोर येतात तो प्रसंग पाहण्यासारखा आहे. दोघीही दागिन्यांनी मढलेल्या. हिशेबाने पाहिलं तर फरक करणं कठीण. पण कुंदवै राजघराण्यात जन्मलेली. दागिना तिच्या अंगावर सवयीने बसलेला आहे, तिला त्याचं भान नाही. नंदिनी देवळाच्या आसऱ्याने वाढलेली पोरकी मुलगी, म्हाताऱ्या पळुवेट्टरैयरशी लग्न करून राणीपदावर पोचलेली. तिच्या अंगावरचा प्रत्येक दागिना ठरवून घातलेला आहे. एकीचं ऐश्वर्य वारशाने आलेलं, दुसरीचं डाव म्हणून मांडलेलं. यातलं बरंचसं नट्यांच्या मानेच्या वळणावर आहे हे खरं. पण मान कशी वळणार, हे कानातल्या झुंबराचं वजनही ठरवतं. जड दागिना घातलेली बाई झटकन वळत नाही. वेशभूषाकार नटाच्या अभिनयात हात घालतो तो असा.

त्याच कथेत मधुरांतक आहे. गळ्यात रुद्राक्ष आणि डोळ्यांत सिंहासन. विरक्त आईने शिवभक्त म्हणून वाढवलेला हा राजपुत्र नंदिनीच्या पडदे सोडलेल्या पालखीत लपून गुप्त बैठकीला जातो. रुद्राक्ष घातलेला माणूस बाईच्या पालखीत बसून राज्य मागायला निघाला आहे. त्याच्या मनातली ओढाताण सांगायला आणखी संवाद कशाला? आणि शेवटी, ज्याच्यासाठी सगळ्यांनी जीव टाकला तो अरुळमोळी, म्हणजे पुढचा राजराज, स्वतःच्या डोक्यावर येणारा मुकुट चुलत्याच्या डोक्यावर ठेवतो. इतिहासातही हा चुलता, म्हणजे उत्तम चोळ, आधी गादीवर आला आणि राजराज इसवी सन ९८५मध्ये. कल्कींनी या नोंदीत एक उतरवलेला मुकुट पाहिला आणि पाच भागांच्या कादंबरीचा कळस त्यावर बांधला.

झाकलं ते का झाकलं

राजराज पडद्यावर याआधीही आला होता. १९७३ साली ए. पी. नागराजन यांनी ‘राजराज चोळन’ काढला. तमिळमधला तो पहिला सिनेमास्कोप चित्रपट. राजराज झाले होते शिवाजी गणेशन, ज्यांचं मूळ गाव तंजावरजवळचं सूरक्कोट्टै. त्यांचं नाव नुसतं गणेशन. सी. एन. अण्णादुरै यांच्या नाटकात त्यांनी छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका केली, ती पाहून पेरियार रामस्वामींनी त्यांना ‘शिवाजी’ म्हटलं आणि तेच नाव कायमचं झालं. मराठी राजाचा वेश चढवून नाव मिळवलेल्या नटाने पुढे चोळ राजाचा वेश चढवला. तंजावरच्या इतिहासातही हीच दोन घराणी आहेत, फक्त उलट क्रमाने.

त्या सिनेमातला राजराज रंगभूमीवरून आलेला होता. झगझगीत किरीट, पल्लेदार वाक्यं. नाटक कंपन्यांच्या पेटाऱ्यातला पौराणिक राजा आणि ऐतिहासिक राजा यांच्यात तेव्हा फारसं अंतर नसे, आणि हे काही तमिळनाडूपुरतं नव्हतं. ‘मुघल-ए-आझम’साठी मुकुट कोल्हापूरच्या कारागिरांनी घडवले होते. त्या काळात मुकुट भव्य असणं हेच त्याचं काम होतं.

नंतरच्या पिढीची अडचण वेगळी झाली. अस्सल व्हायचं ठरवलं की भित्तिचित्रं समोर येतात, आणि भित्तिचित्रांत चोळी नाही. पुढे काय करायचं? ‘पोन्नियिन सेल्वन’ने अंग झाकलं. जाणकारांनी नाकं मुरडली. मला ती तडजोड पटते, आणि कारण सोवळेपणाचं नाही. चोळ दरबारात उघडा खांदा ही रोजची गोष्ट होती. त्यातून कुणाच्या स्वभावाबद्दल काहीच सूचित होत नव्हतं. आजच्या चित्रपटगृहात तो उघडा खांदा दाखवला तर प्रेक्षक फक्त त्याच्याकडेच पाहील आणि कुंदवै राजकारणात मुरलेली बाई आहे हे विसरून जाईल. तिथे कापड वाढवलं म्हणून माणूस दिसला.

हा पेच पहिल्यांदा नीट सोडवला तो एका कोल्हापूरकर बाईने. भानुमती राजोपाध्ये म्हणजे भानू अथैया १९२९ साली कोल्हापुरात जन्मल्या. वडील अण्णासाहेब चित्रकार, बाबूराव पेंटरांच्या चित्रपटांशी जोडलेले. भानू स्वतः जे. जे.मध्ये शिकल्या, प्रोग्रेसिव्ह चित्रकारांबरोबर त्यांनी प्रदर्शन केलं आणि मग कपड्यांकडे वळल्या. १९६६च्या ‘आम्रपाली’साठी त्यांनी अजिंठ्याची चित्रं अभ्यासली. तिथेही तोच प्रश्न होता: कमरेवर वस्त्र, वर अलंकार. त्यांनी वैजयंतीमालासाठी छातीवर बांधायचा पट्टा, नेसूचं धोतरवजा वस्त्र आणि अजिंठ्याच्या घडणीचे दागिने असा एक वेश जुळवला. तो इतका पक्का बसला की त्यानंतर कित्येक वर्षं हिंदी सिनेमातली प्राचीन काळची नर्तकी त्याच वेशात वावरली. पण आम्रपालीचा वेश केवळ शोभेचा नव्हता. वैशालीची नगरवधू शेवटी बुद्धाकडे जाते. सुरुवातीला अंगावर इतकं असल्याशिवाय शेवटी अंगावर काही नसण्याला अर्थ आला नसता. भानूताईंनी दागिने घातले ते पुढे उतरवायचे म्हणून.

सोळा वर्षांनी ‘गांधी’ आला. जॉन मोलो यांच्यासह त्यांना १९८३चं ऑस्कर मिळालं. भारताचं ते पहिलं. गांधी हा खरं तर वेशभूषाकाराला आयता मिळालेला माणूस. बॅरिस्टरचा सूट, काठियावाडी फेटा, सदरा, आणि मग पंचा. त्यांच्या आयुष्याचा आलेख कपडे उतरवण्याचा आहे. शेवटचा टप्पा तमिळ भूमीतच घडला: २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुरैत गांधीजींनी सदरा आणि टोपी सोडून पंचा स्वीकारला. सिनेमात तो बदल एका नदीकाठच्या प्रसंगातून सुचवला आहे: अंगावरचं वस्त्र ते पाण्यात सोडतात आणि ते वाहत एका गरीब बाईपर्यंत पोचतं. स्थळ बदललं, पण मर्म सुटलं नाही.

राज्य गेलं, टोपी राहिली

आता दुसरा कपडेपट. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी १६७५च्या सुमारास तंजावर घेतलं आणि भोसल्यांचं राज्य तिथे १८५५पर्यंत टिकलं. त्यांतले सर्वांत परिचित दुसरे सरफोजी, कारकीर्द १७९८ ते १८३२. त्यांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला, तो याच बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर. राजराजाच्या मोत्यांची यादी आणि भोसल्यांची वंशावळ एकाच देवळाच्या दगडावर आहेत.

सरफोजी हा वेशभूषाकाराला हवाहवासा वाटावा असा राजा आहे. लहानपणी दत्तक आलेला. काका अमरसिंहाने डावललेला. ख्रिश्चन फ्रीड्रिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेला. गादी मिळाली १७९८मध्ये, आणि लगेच पुढच्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीने तहावर सही घेतली. कारभार कंपनीचा, राजाकडे किल्ला, राजवाडा, एक लाख पागोडांची नेमणूक आणि उत्पन्नाचा पाचवा हिस्सा. विशीतल्या राजाला राज्य मिळालं आणि त्याच हाताने काढून घेतलं गेलं. मग त्याने काय केलं? सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं. देवनागरी छापखाना काढून १८०६ साली इसापच्या गोष्टींचं ‘बालबोध मुक्तावली’ छापलं. धन्वंतरी महालात वैद्यकाचे प्रयोग केले, डोळ्यांच्या रुग्णांची सचित्र टिपणं ठेवून घेतली. जगाचा भूगोल सांगणारं ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक लिहिलं. पाश्चात्त्य वाद्यं शिकवून घेतली. काशीयात्रेला मोठ्या लवाजम्यासह गेला.

त्याचे दोन संगमरवरी अवतार तंजावरात पाहता येतात, आणि दोन्ही एकाच हातचे. लंडनचा शिल्पकार जॉन फ्लॅक्समन. राजवाड्यातल्या कलादालनात सरफोजींचा पूर्णाकृती पुतळा आहे. हात जोडलेले, डोक्यावर तंजावरी भोसल्यांची ती उंच, टोकदार टोपीवजा पगडी. पुणेरी पगडीशी किंवा साताऱ्याच्या पागोट्याशी तिचं नातं चटकन लागत नाही. तसबिरींत ती रत्नांनी मढलेली, तुऱ्यासह दिसते. दुसरं शिल्प शिवगंगा बागेजवळच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये. श्वार्ट्झ १७९८च्या फेब्रुवारीत वारले. मृत्युशय्येवरच्या गुरूचा हात हातात घेतलेला सरफोजी त्या उठावशिल्पात दिसतो.

दरबारातला सरफोजी आणि गुरूच्या खाटेपाशी आलेला सरफोजी. आठशे वर्षं आधी याच गावात राजराज गुरूच्या मागे उभा राहिला होता. फरक एवढाच, की राजराजाकडे सत्ता होती, म्हणून तो मुकुट काढून ठेवू शकत होता. सरफोजीकडे सत्ता नव्हती. त्याच्यापाशी राजेपणाची जी काही खूण शिल्लक होती ती डोक्यावरच होती. ती उतरवली असती तर तंजावरात राजा उरला नसता, तनखा घेणारा एक विद्वान गृहस्थ उरला असता. पुतळ्यात हात जोडलेले आहेत आणि टोपी ताठ आहे. मला त्या दोन गोष्टींत त्याचं सगळं राजकारण दिसतं: नमतो, पण उतरवत नाही.

फ्लॅक्समन हिंदुस्थानात कधी आला नव्हता. लंडनमध्ये बसून, हाती आलेल्या चित्रांवरून त्याने कापडाच्या चुण्या कोरल्या. चुण्या सुरेख आहेत, पण त्या ग्रीक पुतळ्यांच्या सवयीने पडलेल्या वाटतात, आणि संगमरवराला रंग नाही. उद्या कुणी सरफोजींवर सिनेमा काढला तर रंग कुठून आणायचा?

झाकलेलं सोनं

रंग आणायचा कोडाली करुप्पूरहून. आजच्या अरियलूर जिल्ह्यातलं हे खेडं. भोसल्यांच्या दरबारासाठी तिथे लुगडी आणि पागोट्यांचं कापड विणलं जाई. ते बाजारात विकायला नसे. घडण अशी, की सुती कापड विणतानाच जामदानी पद्धतीने त्यात सोन्याची जर भरायची, चांदण्या, पानं, जाळ्या उठवायच्या. मग त्या जरीच्या कापडावर कलमाने मेण ओढायचं आणि सगळं हातरंगाईला द्यायचं. तांबडा, तपकिरी, काळा. साधारणपणे लोक आधी कापड रंगवतात आणि वरून जर चढवतात, म्हणजे सोनं दिसेल. करुप्पूरला सोनं आधी आणि रंग मागून. कापड हातात घेतलं की आधी दिसतो एक मातकट लालसर रंग. ते उजेडात हललं की राखेखालच्या निखाऱ्यासारखी जर आतून उमटते. असं कापड भेट म्हणून इतर मराठी दरबारांतही गेलं. दरबार संपला तशी विणकरांची हातोटीही संपत गेली. आता चांगले नमुने पाहायचे तर अहमदाबादचं कॅलिको म्युझियम किंवा लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट गाठावं लागतं.

सोन्यावर रंग चढवून ते मिरवणारा दरबार कोणत्या स्वभावाचा असेल? पैठणी आपलं वैभव पदरावर मांडते. करुप्पूरचं लुगडं जवळच्या माणसालाच कळतं. कंपनीच्या रेसिडेंटच्या नजरेखाली जगणाऱ्या राजघराण्यासाठी यापेक्षा समर्पक कापड कुठल्या वेशभूषाकाराने शोधून काढलं असतं, असं वाटत नाही.

तंजावरात आणखी एक साधन भरपूर आहे, आणि त्यापासून जपून राहायला हवं. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इथले चित्रकार कंपनीच्या साहेबांसाठी चित्रसंच काढत. प्रत्येक पानावर एक जोडपं: विणकर आणि त्याची बायको, शिपाई आणि त्याची बायको, ब्राह्मण, गारुडी, कोळी. लुगडं कसं नेसलं, पदर कुठल्या खांद्यावर, पायात काय, सगळं टिपलेलं. असा खजिना मिळाला की वेशभूषेचं काम निम्मं झालं असं वाटतं. पण साहेबाला नमुने हवे होते. त्या पानांवर जात आहे, धंदा आहे. माणूस एकही नाही. प्रत्येक विणकराचं धोतर स्वच्छ, प्रत्येक कोळणीचा पदर नीट. त्यावरून शिवलेल्या कपड्यांत हजार माणसं उभी करता येतील, आणि सगळी नवी कोरी, आजच दुकानातून आलेली दिसतील. म्हणून चांगल्या कपडेपटात शिवलेला कपडा पुन्हा पुन्हा धुतात, घासतात, उन्हात टाकतात, कोपराला झिजवतात. झीज ही माणसागणिक वेगळी असते. कारकुनाची बाही मनगटाशी झिजते, घोडेस्वाराची विजार मांडीशी.

सरफोजींच्या सिनेमासाठी म्हणूनच एक सरफोजी पुरणार नाही. पूजेला बसलेला सोवळ्यातला. रेसिडेंटला भेटणारा, टोपीतुऱ्यासह. धन्वंतरी महालात रुग्णाच्या डोळ्यावर वाकलेला, जिथे लांब बाह्या आड येणार. ग्रंथालयात रात्री वाचणारा. आणि काशीच्या घाटावर ओलेत्याने उभा असलेला यात्रेकरू. या पाच जणांत टोपी कुठे राहते आणि कुठे जाते, हे ठरवलं की पटकथेचा सांगाडा तयार होतो.

आपल्या पडद्यावर

आपल्याकडे हे होतं का? होतं, पण सातत्याने नाही. ‘तान्हाजी’ला २०२०चा वेशभूषेचा राष्ट्रीय पुरस्कार नचिकेत बर्वे आणि महेश शेर्ला यांना मिळाला. कारागिरी देखणी होती यात शंका नाही. पण उदयभानचा काळा पोशाख पहिल्याच दृश्यात त्याचा निकाल लावून टाकतो. त्याच्याबद्दल आणखी कळून घ्यायचं काही उरत नाही. उलट तान्हाजीच्या कथेत तर घरचं लग्न सोडून लढाईला निघण्याचा क्षण आयता आहे. लग्नघरातला माणूस अंगावरचं शुभकार्य उतरवून कड्याला भिडतो. डोळ्यांसमोर मात्र राहतं ते शौर्याचं वस्त्र, त्याआधीचं घरचं नाही. ‘बाजीराव मस्तानी’च्या वेळी ‘पिंगा’वरून वाद झाला, तोही वरवर पाहता काष्ट्याचा वाटला. खरी तक्रार स्वभावाची होती: काशीबाई असं नेसून, असं नाचतील का? प्रेक्षकाला नेमकं काय खुपतंय हे त्याला कळलं होतं, फक्त बोट पदरावर ठेवलं गेलं.

‘बालगंधर्व’मध्ये मात्र गणित जमलं. नारायणराव राजहंस स्त्रीवेशात इतके शोभत की कुलीन बायका त्यांच्यासारखं नेसायला शिकत. शालू अस्सल, अत्तर अस्सल, आणि कर्जही अस्सल. २०११च्या रवी जाधवांच्या चित्रपटात सुबोध भावे शालूत जितके पाहण्यासारखे आहेत तितकेच रंगपटात शालू सोडल्यानंतर. नीता लुल्लांना या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला; ‘द डर्टी पिक्चर’च्या निहारिका खान त्यात वाटेकरी होत्या. दोन्ही चित्रपट नटांबद्दलचे, दोन्ही वेश चढवण्या-उतरवण्याबद्दलचे. योगायोग असेल, पण बोलका आहे.

तंजावरच्या राजवाड्याची अखेर या विषयाला कायद्याचा आधार देऊन जाते. १८५५ साली दुसरे शिवाजी राजे मुलगा नसताना वारले. कंपनीने राज्य खालसा केलं आणि पाठोपाठ घराण्याची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी मद्रासच्या कोर्टात दाद मागितली. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि १८५९ साली निकाल आला: हे राज्यसत्तेचं कृत्य आहे, कोर्टाला त्यात हात घालता येत नाही. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला अजून शिकवतात. आतापर्यंत आपण स्वतःहून उतरवलेल्या मुकुटांची गोष्ट करत होतो. इथे राजघराण्याचं वैभव दुसऱ्याने उतरवून घेतलं, आणि ते परत मागायला उभी राहिली एक विधवा राणी. वैधव्याने तिचे दागिने आधीच काढून घेतले होते, सरकारने उरलेलं नेलं, आणि तरीही तिने वकील दिला. तिला कोणत्या वस्त्रात उभी करायची हा प्रश्न एखाद्या वेशभूषाकाराला महिनाभर झोपू देणार नाही. मला वाटतं, तंजावरच्या मराठ्यांवरचा सिनेमा सरफोजींपासून सुरू व्हावा आणि कामाक्षीबाईंवर येऊन थांबावा.

साधनांची वाण नाही. तसबिरी आहेत, कापडाचे तुकडे संग्रहालयांत आहेत, दरबारचे मोडी कागद सरस्वती महालात आहेत आणि तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने त्यांतले कितीतरी तमिळमध्ये आणलेही आहेत. तमिळ वाचकाला ते वाचता येतात. मराठी निर्मात्याने तिथपर्यंत जायला हवं. मात्र जाताना कुणी फक्त पगडीचं माप घेऊन परत येऊ नये. माप बरोबर आलं तर एवढंच सिद्ध होईल की शिंपी चांगला होता. ती पगडी त्या माणसाला कधी जड झाली आणि कधी तिच्यावाचून त्याचं चालेना, हे ज्याला सापडेल त्यालाच सरफोजी सापडेल.